दक्षिणेचं दार

शाळेच्या उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी तबकातला हार उचलला, तेव्हा कुठे वेणूबाईंच्या लक्षात आलं की टेबलावर झाकून ठेवलेली तसबीर सरस्वतीची नव्हे.

मुख्याध्यापिका पूर्णिमा मॅडमनी हौसेने रेशमी कापड बाजूला केलं होतं. समोर वेणूबाईंचा संतोष. दहा वर्षांचा, तेल चोपडून भांग पाडलेला, शर्टाचं बटण गळ्यापर्यंत लावलेला. घरच्या भिंतीवरचा एवढासा फोटो मोठा करून आणला होता. कपाळावर कुंकवाचा टिळाही लावून झाला होता.

"ज्यांच्या स्मरणार्थ ही जागा शाळेला मिळाली, त्या कैलासवासी संतोष यांच्या प्रतिमेस पाहुण्यांनी पुष्पहार अर्पण करावा," माइकवरून आवाज घुमला. मांडवातली सगळी माणसं उठून माना खाली घालून उभी राहिली.

तीस वर्षांपूर्वी वाघोलीच्या त्यांच्या वस्तीवर शाळा होती ती चौथीपर्यंतच. पुढे शिकायचं तर नगर रस्ता धरून लांब जावं लागे. संतोष पाचवीच्या पहिल्या दिवशी दप्तर पाठीला लावून सकाळी निघाला, बांधावरून वळून एकदा हात केला, आणि संध्याकाळी आला नाही. त्या शाळेत तो पोचलाच नव्हता. विहिरी धुंडाळल्या, पोलीस झाले, देवऋषी झाले. ना पोरगं सापडलं, ना त्याची चप्पल. बारा वर्षांनी भटजींनी सांगितलं, दर्भाचा पुतळा करून अग्नी द्या, म्हणजे आत्मा सुटेल. वेणूबाईंनी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. फोटो त्या रोज पदराने पुसायच्या. हार मात्र त्याला कधी चढला नाही.

पुढे भोवताली इमारतींचं रान माजलं. कोण विदर्भातून आलं, कोण मराठवाड्यातून. त्यांची पोरं पत्र्याच्या शेडमध्ये दोन पाळ्यांत कोंबली जाऊ लागली. वेणूबाईंच्या रानावर बिल्डर घारीसारखे घिरट्या घालत होते. वेणूबाईंनी ते उचलून पाचवी ते आठवीच्या शाळेला देऊन टाकलं. अट एकच घातली, मोठं दार रस्त्याकडे हवं. आता रस्ता पडला दक्षिणेला. दक्षिण म्हणजे यमाची दिशा, तिकडे दार कोणी शहाणा काढतो का? इंजिनियर साहेबांनी नकाशा फिरवून दाखवला, भावकीने डोक्याला हात लावले. म्हातारी ऐकेल तर शपथ. शेवटी दार दक्षिणेलाच निघालं, आणि म्हातारीला चळ लागलाय, असं सगळ्यांनी आपापसात ठरवून टाकलं.

पूर्णिमा मॅडमना यातलं फक्त दारच ठाऊक होतं. बाकीचं त्यांना वेणूबाईंच्या दिराने, दिगंबररावांनी सांगितलं, तेही अर्धंच, मुलगा लहानपणीच गेला एवढं. फोटोची काच बदलून आणतो म्हणून वहिनीकडून फोटो मागून आणला तो त्यांनीच. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. जे तीस वर्षं घरात झालं नाही, ते चार माणसांत तरी उरकेल, एवढाच त्यांचा हिशेब होता.

"थांबा!"

पाहुण्यांचे हात हारासकट अधांतरी राहिले. वेणूबाई खुर्चीला धरून उठल्या होत्या.

"ह्यो हार फोटोला घालू नगा."

"वहिनी," दिगंबरराव पुढे झाले. "चार लोकांत तरी नको. आता सोडा त्याला. किती दिस असं बसणार?"

"तुमी सोडलासा ना, भावजी? झालं तर."

एवढा वेळ आपण काय करत होतो, ते पूर्णिमा मॅडमना आत्ता उमगलं. एका आईच्या देखत, तिला न विचारता, तिच्या मुलाला आपण मारून टाकत होतो. त्यांना स्वतःचीच शरम वाटली. "आजी, चुकलं हो आमचं," एवढंच त्या कसंबसं म्हणाल्या.

वेणूबाईंनी पदराचं टोक ओलं केलं आणि फोटोवरचं कुंकू पुसलं. शाळेला निघालेल्या लेकराचं तोंड पुसावं, तसं. मग पाहुण्यांच्या हातून हार घेतला. हार सांभाळत त्या व्यासपीठाच्या पायऱ्या उतरल्या आणि पोरांच्या रांगांमधून थेट मोठ्या दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या. चौकट उंच होती. हात पुरेना.

पूर्णिमा मॅडम खुर्ची ओढत धावल्या. स्वतः खुर्चीवर चढल्या. हाराचं एक टोक त्यांनी चौकटीच्या एका खिळ्याला अडकवलं, दुसरं दुसऱ्याला. झेंडूचा तो जाडजूड हार दारावर तोरणासारखा पसरला. फीत कापायची राहिली होती, भाषणं व्हायची होती, पण कोणी घाई केली नाही. दिगंबरराव रुमालाने डोळे टिपत होते.

"आजी, नीट बसलं का?" मॅडमनी वरूनच विचारलं.

वेणूबाई मागे सरकत सरकत फाटकापर्यंत गेल्या. पाठीमागे नगर रस्ता धूर ओकत वाहत होता. कपाळावर आडवा हात धरून त्यांनी दार निरखलं. त्यांचा चेहरा निवला.

"हां. आता रस्त्यावरनं दिसतंय. लई लांबच्या शाळंत गेलाय त्यो. परत येताना घर चुकायला नगं."