लिफ्टताईला पत्र

मुलांनो, अशी कल्पना करा की तुम्ही लिफ्टमध्ये आहात आणि लेखी विनंती वाचल्याशिवाय ती दारच उघडत नाही. हर्डीकर सर आणि त्यांची विद्यार्थिनी ऋजुता यांच्यावर तशीच वेळ आली होती. दारापलीकडच्या वर्गात ऋजुताची शिष्यवृत्तीची परीक्षा दहा मिनिटांत सुरू होणार होती.

सरांनी भिंतीवरच्या पडद्यावर बोटानं अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, 'आपला विश्वासू', सगळं जागच्या जागी होतं. पत्रलेखन शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"अर्ज मुख्य कार्यालयाकडे पाठवला आहे," लिफ्ट म्हणाली. "तीन दिवसांत कळवतील."

"अगं बाई, दार तर तूच उघडतेस ना?"

"हो. पण अर्जावर निर्णय घ्यायचा अधिकार मला नाही."

सरांनी कपाळावर हात मारला आणि 'अत्यंत तातडीचे' असं ठळक लिहून दुसरा अर्ज केला. तोही कार्यालयाकडे गेला.

"सर, अर्ज साहेबांकडे जातो," ऋजुता म्हणाली. "घरगुती पत्र मात्र ज्याचं त्यालाच मिळतं. तुम्हीच शिकवलंत."

"लिफ्टला घरगुती पत्र? डोकं फिरलंय का तुझं?"

ऋजुतानं तोवर लिहायला घेतलं होतं. 'प्रिय लिफ्टताई, दिवसभर वरखाली करून तू दमत असशील. आज माझी परीक्षा आहे. मला बाहेर सोडशील का? तुझी ऋजुता.'

दार उघडलं. सर तणतणत बाहेर पडले. "चल लवकर, काय बघत बसलीस?"

ऋजुता अजून पडद्यापाशीच होती. 'ता. क.,' ती लिहीत होती, 'पेपर कसा गेला ते खाली जाताना सांगते.'