न पाहता

"तोंड फिरवा, मामाजी," अपेक्षा म्हणाली.

प्रभाकररावांनी बसल्या जागी शोकेसकडे तोंड फिरवलं. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून ते घरीच होते. वर्ध्यातलं कापडाचं दुकान मुलगा धीरज सांभाळत होता. बापाचा वेळ जावा म्हणून त्यानंच हा हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम आणून दिला होता. रोज दुपारी नालवाडीतल्या या घरात सासरा आणि सून एकमेकांचे हेर पकडत.

खेळ असा होता: पडद्यावर एक बंगला, त्यात कुठेतरी लपवलेला नकाशा. आधी एकानं गेम हातात घेऊन कपाटात, खणात, दारामागे सापळे लावायचे. दुसऱ्यानं तेवढा वेळ तोंड फिरवायचं. मग दुसऱ्याची पाळी. त्यानंतर दोघांचे हेर आळीपाळीनं खोल्या धुंडाळत निघणार. सापळा उघडला तो हेर मेला. नकाशा घेऊन बाहेर पडला तो जिंकला.

शोकेसच्या काचेत तो उजळ पडदा उलटा, पण स्वच्छ दिसतो, हे प्रभाकररावांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तेव्हापासून ते हरले नव्हते.

आज सोफ्यावर अपेक्षाचे वडील बसले होते. अण्णाजी सकाळच्या बसनं अल्लीपूरहून आले होते, पिशवीत शेतातल्या तुरीच्या शेंगा घेऊन. शेंगा देऊन झाल्या, गुडघ्याची चौकशी झाली, तरी त्यांचा खरा विषय निघत नव्हता. आता तो निघाला.

"पोरगी म्हणते, दुकानात बसतो. बी.कॉम. झाली आहे. धीरजरावांलेही तेवढाच हातभार लागन."

"माही ना नाई, अण्णाजी," प्रभाकरराव काचेकडे पाहतच म्हणाले. "पण गल्ल्यावर बसाचं म्हणजे नजर पायजे. आता ह्या खेळातच पाहा ना. महिना झाला, एक डाव जिंकली नाई. तिनं सापळा कुठं लावला, ते मले न पाहता समजते. लक्षच राह्यत नाई तिचं."

अण्णाजींनी मान खाली घातली. अपेक्षाचे अंगठे बटणांवर जरा थांबले, मग पुन्हा चालू लागले.

काचेत दिसलं: अपेक्षाच्या लाल हेरानं जेवणघरातल्या कपाटात बॉम्ब ठेवला. एवढं पुरे होतं. अण्णाजींना दिसावं म्हणून प्रभाकररावांनी आता डोळेही मिटून घेतले.

त्यांचेही सापळे लावून झाले आणि डाव सुरू झाला. अण्णाजी चष्मा सावरत पडद्यावर वाकले. प्रभाकररावांचा निळा हेर ऐटीत जेवणघरात शिरला. त्यानं कपाटाला हातही लावला नाही. सरळ टेबलाचा खण उघडला.

धडाम! निळा हेर काळाठिक्कर पडून छताला चिकटला.

"अरे, पण तू तं कपाटात ठेवलता!" प्रभाकरराव ओरडले.

"हो, ठेवलता. मंग वाटलं, टेबल बरं राहीन. काढला तिथून." अपेक्षा हसत होती. किती दिवसांनी तिला जिंकायला मिळालं होतं. मग ते हसू ओठांवरच अडलं. तिनं सासऱ्यांकडे पाहिलं. मग शोकेसकडे पाहिलं. पुन्हा सासऱ्यांकडे तिनं पाहिलं नाही.

प्रभाकररावांचे कान तापले. कापड मोजताना त्यांनी गिऱ्हाइकाला नेहमी बोटभर जास्तच दिलं होतं. या माणसाकडे मापात खोट नाही, असं अख्खा बाजार म्हणायचा. आणि इथे घरच्या सुनेला ते महिनाभर फसवत होते, कशासाठी, तर एका खेळण्यासाठी. वरून तिच्याच बापासमोर तिला बिनडोक ठरवून बसले होते.

अण्णाजींना खेळातलं काही कळत नव्हतं. "काय झालं? कोण जिंकलं?"

अपेक्षानं वडिलांकडे मान वळवली. आता ती सांगणार, असं प्रभाकररावांना वाटलं. तिनं सांगूनच टाकावं, असंही वाटलं.

"मी जिंकली, बाबा."

"महिन्यात पहिल्यांदा?"

"हो."

अण्णाजींचा चेहरा फुलला. त्यांनी व्याह्यांपुढे हात जोडले. "तुमचंच खरं होतं, प्रभाकरराव. लक्ष राह्यत नसन पोरीचं. तुम्ही मेहनत घेतली म्हणून जमलं तिले. दुकानाची घाई नाई. अजून शिकू द्या तुमच्या हाताखाली."

बोलायची हीच वेळ होती. प्रभाकररावांनी तोंड उघडलं. समोर ते जोडलेले हात होते, शेंगा तोडून बोटं काळी पडलेले. जे बोलायचं होतं ते राहून गेलं आणि दुसरंच बाहेर आलं.

"घाई काऊन नाई? उद्यापासून येऊ द्या दुकानात. गल्ल्यावरच बसू द्या."

"एका डावावर?" अण्णाजींचा विश्वास बसेना. त्यांचे डोळे भरून आले. "लय मोठं मन आहे तुमचं."

"नाई हो, अण्णाजी. तसं नाई."

"आहे. मी पाहून राह्यलो ना. अपेक्षा, पाया पड मामाजींच्या."

अपेक्षानं गेम बंद करून टीपॉयवर ठेवला. डोक्यावरची ओढणी नीट केली आणि वाकून पाया पडली, दर सणाला पडायची तशीच, दोन्ही हातांनी.

प्रभाकररावांनी हात उचलला. ती आशीर्वादाला थांबली नाही.