खालच्या खिडकीतला आकडा

पुढच्या विमानतळाच्या टॉवरकडून चकार शब्द येईना. तिने तिसऱ्यांदा हाक दिली, विमानाचा नंबर सांगितला आणि कान टवकारले. नुसती खरखर.

विमान दोन सीटचं, आणि दुसरी सीट रिकामी. एकटीने परगावी विमान नेण्याची ही पहिलीच वेळ, तीही वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी. मागे ढग खाली उतरले होते, त्यामुळे परतायची सोय नाही. पुढे मोठ्या विमानांची हद्द, तिथे विचारल्याशिवाय शिरायचं नाही. आणि घिरट्या घालत राहायचं, तर पेट्रोल पुरणार किती?

आधीच्या टॉवरवाल्याने निरोप देताना पुढची फ्रिक्वेन्सी सांगितली होती. मांडीवरच्या कागदावर लिहून तिने ती लावलीही होती. आता तिचा हात आपसूक रेडिओच्या नॉबकडे गेला. हा नाही तर तो, कुठला तरी आकडा लागेलच की!

हात मागे!

नाना, म्हणजे तिचे सासरे, शेजारी नव्हते. तरी बोटांवर त्यांची पेन्सिल बसल्यासारखा तिने हात मागे घेतला. उडायला त्यांनीच शिकवलं होतं, आणि शिकवताना म्हातारा महा खडूस. रेडिओला दोन खिडक्या. वरच्या खिडकीत आत्ताचा आकडा, खालच्या खिडकीत आधीचा. नॉब फिरवला की खालचा पुसला जातो. "पुढचा माणूस ओ देईपर्यंत मागचा आकडा पुसायचा नाही," हे त्यांनी ऐकवून ऐकवून तिचे कान किटवले होते. "नाना, तुम्ही तर गेलेल्या माणसांचेही फोन नंबर खोडत नाही," असं तिने एकदा तोंडावर सुनावलंही होतं.

तिने नॉब सोडला आणि आकड्यांची अदलाबदल करणारं बटण दाबलं.

"आहे का कुणी?" तिने विचारलं.

"आहे ना," आधीचा टॉवरवाला लगेच बोलला. "कोणता आकडा लावलात?"

"एकशे अठरा पॉइंट आठ."

"आठ नाही ताई, तीन. सावकाश लावा. उत्तर नाही आलं तर परत या, मी इथेच आहे."

तिने कागद लांब धरून पाहिला. तीनच होता, तोही स्वतःच्या अक्षरात. निघताना फोटोसाठी काढलेला चष्मा पर्समध्येच राहिला होता. कर्म माझं!

तीन लावला आणि पहिल्याच हाकेला एका बाईंचा स्वच्छ आवाज आला. "देव तुमचं भलं करो," ती त्या टॉवरवाल्यासाठी मोठ्याने म्हणाली. ऐकायला विमानात कुणी नव्हतं.

विमान उतरवून ती बाहेर आली. विमानाच्या चाकाशी बसून तिने नानांना फोन लावला.

"नाना, तुमच्यामुळे वाचले हो आज."

"ऐकलं मी. सकाळपासून फ्लाइंग क्लबच्या गच्चीवर रेडिओ घेऊन बसलोय."

"पण मी तर पुढची फ्रिक्वेन्सी लावली होती!"

"तू लावली होतीस. मी मागचा आकडा कशाला बदलू? चुकलीस तर परत तिथेच येणार होतीस ना." नाना खाकरले. "बरं, आता चष्मा घाल. परतीचे आकडे वाचून दाखव मला."

तिने चष्मा घातला. काढून पुसला, पुन्हा घातला. आकडे काही केल्या दिसेनात.