फुटलं

सोनोग्राफीच्या टेबलावर मी श्वास रोखून पडले होते. परवा डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं होतं, गोळ्यांनी अंडं चांगलं वाढलंय. मग इंजेक्शन दिलं. तेव्हापासून धक्का लागेल म्हणून मी रिक्षातसुद्धा बसले नव्हते.

"फुटलं," त्या म्हणाल्या.

मला रडू कोसळलं. कालच भरलेली कळशी उचलली होती.

"अगं, रडतेस काय? फुटून बाहेर आलं तरच दिवस राहतील. इंजेक्शन त्यासाठीच होतं."

डोळे पुसतच बाहेर आले. दाराशी सासूबाई उभ्या होत्या. "काय म्हणाल्या?"

"फुटलं."

त्या मटकन खाली बसल्या. "माझंच चुकलं गं. कळशी मीच उचलायला लावली तुला."

सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी दोष स्वतःकडे घेतला होता. खरं काय ते सांगायला मी थोडा वेळ लावला.