गोड पेंड

मेलेल्या कोंबड्या पोत्यात भरून मिस्त्री सुतळी शोधत होता, तेवढ्यात बायको दारात उभी. बहिणीचं बाळंतपण उरकून ती ठरल्याआधीच परतली होती. हातातली पिशवी खाली न ठेवता ती तडक खुराड्यापाशी आली आणि पोत्याचं तोंड उघडून बघत राहिली. पिल्लं असताना यांना तिनेच दिव्याच्या उबेवर जगवलं होतं.

"साथ आली असेल गं," मिस्त्री म्हणाला. खोटं बोलणं त्याला जन्मात जमलं नव्हतं, आजही जमलं नाही.

ती वाकली. खाद्याच्या पाटीतला चुरा चिमटीत घेऊन तिने हुंगला.

"कसली पेंड ही?"

"एरंडीची. घाण्यावर ढीग पडलाय, तिथली आणली. पण उकडून घातली हो मी! एरंडीची पेंड विषारी, उकडली की विष मरतं, एवढं कळतं मला. तेलघाण्यावर केस पांढरे झाले माझे."

घाण्यावर त्याला सगळे 'शास्त्रज्ञ' म्हणत. ही थट्टा आहे, हे एकट्या त्यालाच माहीत नव्हतं.

"ढेपा फोडून उकडलीत ना?"

ढेपा त्याने अख्ख्याच पातेल्यात लोटल्या होत्या. वरून मऊ झाल्या, त्याला वाटलं काम फत्ते. आतला गाभा कच्चाच राहिला होता.

"आणि असली कडू पेंड यांनी खाल्ली?" बायकोने विचारलं.

"नव्हत्याच खात." मिस्त्री म्हणाला. "वरचं मऊ तेवढं टिपायच्या, गाभा तसाच टाकायच्या. मला वाटलं, तू लाडावून ठेवल्यास, म्हणून नखरे करतायत. मग मी गाभे बारीक कुटले, गुळाच्या पाण्यात कालवले... त्यानंतर मात्र पाटी चाटूनपुसून साफ. मला किती आनंद झाला माहितेय? तू आलीस की गुटगुटीत कोंबड्या दाखवणार होतो तुला."

बायकोने तोंडाचा पट्टा सोडला असता तर बरं झालं असतं. त्याने निमूट ऐकून घेतलं असतं, आणि मन थोडं तरी हलकं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "आधी त्या बरोबरच खात होत्या हो."

मग पाटीतली उरलीसुरली पेंड तिने त्याच पोत्यात ओतली, पाटी घासून उपडी घातली आणि घरातून सूपभर मका आणला. सूप तिने त्याच्याच हातात दिलं.

"घाला. उपाशी आहेत बिचाऱ्या."

मिस्त्रीने मूठभर दाणे फेकले. जगल्यावाचलेल्या कोंबड्या एकमेकींच्या अंगावरून उड्या मारत धावल्या. त्याने दुसरी मूठ फेकली आणि श्वास रोखून बघत राहिला. एखादी तरी थबकेल, दाणा चोचीने उलटून पाहील, मान तिरकी करून त्याच्याकडे संशयाने बघेल, असं त्याला फार वाटत होतं.

पण आठ दिवसांत त्याने त्यांची ती सवय पार मोडून काढली होती. त्याच्या हातातून जे पडेल ते त्या पटापट गिळत होत्या.