डावा कौल

"देवाचा कौल घेतल्याशिवाय मी सही करणार नाही," पद्माकर मास्तर म्हणाले आणि पेन त्यांनी ट्रेमध्ये ठेवून दिलं.

वरदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ग्लासगोतली हृदयविकाराची डॉक्टर ती, परक्या माणसांना दिवसभर शांतपणे समजावणारी. पण सख्ख्या बापापुढे कुठलं शहाणपण चालतं? छातीतली मोठी रक्तवाहिनी फुगली होती. फुटली तर अँब्युलन्स बोलवायलासुद्धा वेळ मिळणार नव्हता. ऑपरेशन जोखमीचं होतं, न करणं त्याहून जोखमीचं. सर्जन ओळखीचा होता, थिएटर तयार होतं. आणि ऐन वेळी बाबांना देव आठवला!

तेही कुणाला, तर कुडाळजवळच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवलेल्या, देवळाची पायरी कधी न चढलेल्या माणसाला. लेकीकडे म्हणून आले आणि इथं हे दुखणं निघालं. गुडघ्यांमुळे आई गावीच राहिलेली. तिचं फोनवर रोज एकच पालुपद, "तुला कापाकापीशिवाय काही सुचतं का गं? माझ्या माणसाला आधी घरी आणून सोड."

"बाबा, कोंबड्या दाणे टिपतात की नाही ते बघून रोमचे सेनापती लढायला निघायचे, हे सांगून तुम्हीच अख्खा वर्ग हसवायचात," वरदा म्हणाली. "चीनचे राजे कासवाचं कवच भाजून त्याच्या तड्यांकडे बघत बसायचे, आपले राजे ज्योतिष्याच्या तोंडाकडे. सगळं तुम्हीच शिकवलंत ना? मग आज काय झालं?"

"आज राजा मी आहे," मास्तर म्हणाले. "फोन लाव."

दोन हजार पाच साल. वॉर्डात मोबाइलला बंदी होती. वरदानं व्हीलचेअर ढकलत त्यांना कॉरिडॉरच्या टोकाच्या खोलीत नेलं, दार ओढून घेतलं आणि फोन लावून स्पीकरवर टाकला. बाबांनी कालच गावाला निरोप धाडून सगळं ठरवून ठेवलंय, हे तिला तिथं कळलं. काय म्हणावं या माणसाला! आई देवळात येऊन बसली होती आणि शेजाऱ्यांचा मोबाइल तिनं शशी गुरवाच्या तोंडाशी धरला होता.

रीत साधी. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होय. डावी पडली तर नको.

"मास्तरांनी ऑपरेशन करून घ्यावं का?" गुरवानं देवाला गाऱ्हाणं घातलं. मग तिकडं सगळे पाकळ्यांकडे बघत थांबले. वरदाचा या कशावर विश्वास नव्हता. तरी तिनं फोनचा आवाज पूर्ण वाढवला.

"डावो दिल्यान, मास्तरांनू," गुरव म्हणाला. "देव नको म्हणता."

"ऐकलंत ना?" मागून आईचा हुंदका आला. "या हो परत घरी."

संपलं सगळं. इतक्या दिवसांचं समजावणं एका पाकळीनं धुळीला मिळवलं होतं. वरदाला रडूच यायला लागलं. मास्तरांचा चेहरा मात्र जराही हलला नव्हता.

"शशी, माझा प्रश्न चुकला," ते वर्गातल्या खणखणीत आवाजात म्हणाले. "आता असं विचार. ऑपरेशन न करता मी असाच घरी येऊ का? आणि सुमन, तू पुढे हो. पाकळीकडे तू स्वतः बघ. मला या वेळी गुरवाचा नको, तुझा शब्द हवा."

पुन्हा गाऱ्हाणं झालं. बाहेरून कुणीतरी दार ढकललं, वरदानं ते पायानं अडवून धरलं.

"डावी," आईचा आवाज आला. "अहो, डावीच पडली." मग म्हणाली, "असेच येऊ नका. देव नको म्हणतोय. करून घ्या तुम्ही."

फोन बंद झाला. वरदानं खुर्ची वडिलांसमोर ओढली.

"उजवी पडली असती तर?"

"तिसऱ्यांदा विचारलं असतं."

"म्हणजे तुमचं आधीच ठरलं होतं! मग हा खेळ कशाला मांडलात, बाबा?"

"वेडी आहेस," मास्तर हसले. "राजा कधी स्वतःसाठी विचारतो का?"

तेवढ्यात नर्स त्यांना शोधत आली आणि बोलणं तिथंच राहिलं. मास्तरांनी सही केली. ट्रॉलीवरून जाताना त्यांनी लेकीचा हात एकदा दाबला आणि सोडला.

ऑपरेशन लांबत गेलं. शेवटी सर्जन बाहेर आला आणि त्याच्या चालीवरूनच वरदाला कळलं. रक्तस्राव थांबला नव्हता. त्यानं फार प्रयत्न केले होते, ते त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. वरदानं त्याचे आभार मानले. कसे मानले, तिचं तिलाच कळलं नाही.

मग तिनं फोन हातात घेतला, पण नंबर लावायला बोट धजेना. बाबांना भरीस कुणी घातलं? आपण. आईचं न ऐकता इथं ठेवून कुणी घेतलं? आपण. आता कुठल्या तोंडानं सांगायचं? बाप गेला होता, आणि या एका फोननं आईही कायमची तुटणार, याची तिला खात्रीच होती.

"आई, बाबा गेले."

तिकडून आईनं जो टाहो फोडला तो वरदाला ऐकवेना.

"मीच मागे लागले होते त्यांच्या," वरदा रडत म्हणाली. "आई, मला माफ कर."

"तुझ्या सांगण्यावरून गेले असते ना, तर जन्मात तुझं तोंड पाहिलं नसतं," आई म्हणाली. "पण पाकळी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीय. रडू नकोस, पोरी. तू घरी ये."