परंतु सरांचा वर्ग

“करकायद्यातली ही पदवी घेऊन तुमचं नेमकं काय भलं झालं?” अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून विचारलं.

तिनं सरांकडे पाहिलं. मुलं त्यांना ‘परंतु सर’ म्हणायची. एकही वाक्य परंतुशिवाय संपायचं नाही. महिनाअखेरीस ते निवृत्त होणार. त्यांच्या जागी तुटपुंज्या पगारावर यायला कुणी तयार नाही, म्हणून कॉलेजच्या समितीला अभ्यासक्रमच गुंडाळायचा होता. तो उपयोगाचा आहे हे पटवायला सरांनी तिला बोलावलं होतं. मोठ्या कंपनीतली कर सल्लागार. हुकमी साक्षीदार.

उत्तर पहिलं, सरांनी पढवलेलं: बढती मिळाली.

पण ते खोटं होतं. बढती साहेबांच्या भाच्याला मिळाली होती.

उत्तर दुसरं, तोंडातून निसटलेलं:

“काही नाही.”

सरांनी कपाळावर हात मारला. “अगं, तुला साक्षीला बोलावलंय की माझी जिरवायला?”

उत्तर तिसरं. ते मात्र खिडकीजवळच्या बाकाकडे बघता बघता आलं. बैठक सरांच्याच वर्गात होती, आणि तो बाक एकेकाळी तिचा होता.

सर रोज कायद्याचं एक कलम द्यायचे. घरी जाऊन कुणाला तरी समजावून सांगायचं, आणि त्या माणसानं विचारलेला प्रश्न दुसऱ्या दिवशी वर्गात आणायचा. तिच्या घरी फक्त बाबा. शिंपी. दिवसभर तोंडात टाचण्या, त्यामुळे की काय, बोलणं बेताचंच. पण ती कलम वाचायला लागली की मशीन थांबायचं. टाचण्या डबीत जायच्या. “म्हणजे कर कापड कापल्यावर लागायचा, की शिवून झाल्यावर?” एकदा त्यांनी विचारलं. त्यावर अख्खा वर्ग आठवडाभर भांडला. हे कळलं तेव्हा बाबांची कॉलर अशी ताठ झाली म्हणता! पुढं तर ती चपला काढायच्या आत हाक यायची, “काय वकीलबाई, आज काय आणलंत?”

हे सगळं तिनं समितीला सांगितलं. सांगताना हसलीही.

“दोन वर्षं बाबा माझ्याशी रोज बोलले. मग मला पदवी मिळाली, आणि टाचण्या परत तोंडात गेल्या. आता तर बाबाही नाहीत.”

सर उगाच नाक पुसत होते.

“छान आहे हो हे,” अध्यक्षबाई जरा मवाळ झाल्या. “पण आठवणींवर वर्ग चालत नाहीत. शिकवायला माणूस लागतो. आणि नोकरीत उपयोग शून्य, हे तर तुम्हीच सांगताय. एवढंच सांगायला कंपनीनं रजा तरी कशी दिली तुम्हाला?”

“रजा कुठली? राजीनामा दिलाय कालच,” ती म्हणाली. “सरांचा वर्ग मी घेईन.”